रेघ दुसऱ्याने मारायची

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात एका परिपत्रकातल्या चुका काढत बसले होते. फोनवर मामी होती. “वैजू, अगं हे गेले गं... चहा घेतला, पेपर मागितला, मी पेपर घेऊन येते तो मान कललेली. तू ये. आणि गाडी सावकाश चालव.” मी खाली आले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. सांगायला लाज वाटते, पण सख्खा मामा गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो इंजिनाला चिकटून बसलेल्या ऑइल फिल्टरचा. आता त्याला कधीच सांगता येणार नाही, हा दुसरा. रडू आलं ते थेट धौलाकुआंच्या सिग्नलला, मागचे सगळे हॉर्न वाजवत असताना.

त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी तेरावं पार पाडलं, मामीच्या पेन्शनच्या कागदांसाठी चार खेटे घातले, आईला पुण्याहून आणलं आणि परत पोचवलं. उरलेल्या रविवारी मी आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरखाली, पार्किंगमध्ये, त्या फिल्टरशी झटापट केली. ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पेल्याएवढा पत्र्याचा डबा असतो, इंजिनाला बाहेरून फिरवून बसवलेला. तेलातली घाण तो अडवतो, म्हणून तेल बदलताना तो काढून नवा लावायचा. बाटलीचं झाकण फिरवतो तसा फिरवायचा की निघाला. माझा निघत नव्हता. का निघत नव्हता, हे जगात मला एकटीला माहीत आहे अशी माझी समजूत होती.

मामा साताऱ्याकडचा. लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी न जाता पालमजवळ दोन खोल्या बांधून राहिला. का, म्हणून विचारलं की म्हणायचा, “गावात पाना हातात घेतला की चार जण शिकवायला येतात.” नोकरीसाठी दिल्लीत आले तेव्हा पहिलं वर्षभर मी त्या दोन खोल्यांत राहिले, आणि तिथेच मला ती पांढरी रेघ भेटली. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर, गॅसच्या जोडणीवर, पंख्याच्या बोल्टवर, नळाच्या चकतीवर, जिथे म्हणून काही आवळलेलं असेल तिथे पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ. अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या भागावर. स्क्रू सैल होऊन जरा जरी फिरला तर रेघ मोडते आणि लांबूनच कळतं. ही त्याची वर्कशॉपची सवय. त्यातही एक कायदा होता. ज्याने आवळलं त्याने रेघ मारायची नाही. दुसऱ्याने यायचं, हात लावून बघायचं, पटलं तरच रेघ मारायची. त्यामुळे घरात कुकर आवळायचा मामा आणि रेघ मारायची मामी, तीही पोळी तव्यावर असताना, कपाळाला आठ्या घालून. “लोकांच्या घरी नवरे दागिने आणतात, आमच्याकडे पेंट,” म्हणायची. पण कुकर हलवून बघितल्याशिवाय तिने कधी ब्रश टेकवला नाही.

एकदा आम्ही तिघं पानिपतला गेलो होतो. लढाईची जागा बघायला म्हणून मी निघालेले, मामी रजया घ्यायला आणि मामा गाडीचा आवाज ऐकायला. वाटेत ढाब्यावर पराठे येईपर्यंत मामा गायब. बघते तर कुणा अनोळखी माणसाच्या जीपच्या चाकाशी उकिडवा बसलाय. नट सैल दिसला म्हणे. आवळून झाल्यावर त्याने खिशातून नेलपॉलिशच्या बाटलीत भरलेला पेंट काढला आणि ब्रश त्या जीपवाल्यापुढे धरला. “देख लो भाईसाहब, ठीक लगे तो लाइन मारो.” तो बिचारा म्हणाला, “अरे फौजीसाब, आपने किया है तो ठीक ही होगा।” मामा हटून बसला. “मेरा काम है, मैं कैसे पास करूँ?” आमचे पराठे गार झाले. मला तेव्हा इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर पानिपतपासून दिल्लीच्या वेशीवरच्या नरेल्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, किंवा कळून त्याने दाखवलं नाही. यातलं दुसरंच खरं असणार, हे माझ्या आता लक्षात येतंय.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा, “बाहेर द्यायची नाही, तेल आपण बदलू,” हे त्यानेच ठरवून टाकलं. वर्षातून दोनदा तो पालमहून हत्यारांची लोखंडी पेटी घेऊन यायचा. पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, सतरंजी अंथरायची, तो गाडीखाली आणि मी शेजारी टॉर्च धरून. तो फिल्टर बसवायचा आणि मी रेघ मारायची. चौदा वर्षं माझं तेवढंच काम होतं. फिल्टरच्या बाबतीत त्याचं एकच सांगणं असे, “पाना काढायला, हात बसवायला.” म्हणजे जुना फिल्टर काढताना डब्याभोवती आवळला जाणारा पट्ट्याचा पाना वापरायचा. नवा बसवताना मात्र रबराच्या कडीला तेलाचं बोट फिरवायचं आणि नुसत्या हाताने आवळायचा. पाना लावलास तर तो इंजिनाला कायमचा चिकटेल, म्हणायचा.

गेल्या वर्षी अष्टमीला त्याने टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला. “आज तू आवळ. मी रेघ मारतो.” एवढंच. कारण काही सांगितलं नाही. त्याचा खांदा दुखत होता ते मला ठाऊक होतं, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशन तो पुढे ढकलत होता. तरी मला ती बढतीच वाटली. पंचेचाळिसाव्या वर्षी, केसांत माती, आणि मी शाळेत पहिला नंबर आल्यासारखी खूश. मी आवळला, त्याने हात लावून बघितला, “हं” म्हणाला आणि रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून मामा-मामी माझ्याकडेच मुक्कामाला होते. मामा देवाधर्माचा माणूस नव्हे, पण हत्यारांची पूजा म्हणजे पूजा. सगळे पाने घासूनपुसून पाटावर, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दसऱ्यापर्यंत एकाही पान्याला हात लावायचा नाही. दुपारी तो आणि मामी जेवून आडवे झाले. मी सहज खाली गेले तर गाडीखाली जमिनीवर तेलाचा काळा ठिपका. आदल्या दिवशी त्याने बजावून सांगितलं होतं की बाहेर ओघळलेलं तेल एकदोन दिवस ठिबकतं, घाबरायचं नाही. पण माझा माझ्या हातावर भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या शब्दावरही नव्हता. संध्याकाळी तो ठिपका बघून तो परत टॉर्च माझ्या हातात देईल, ही भीती. मी वर आले, पाटावरचा पट्ट्याचा पाना उचलला, कुंकू पुसलं, खाली गेले. गाडीखाली शिरले असते तर शेजाऱ्यांनी हाक मारून विचारलं असतं, म्हणून बॉनेट उघडून वरूनच, न बघता, चाचपून पट्टा अडकवला आणि दोन्ही हातांनी सगळा जोर लावला. फिल्टर फिरला. चांगलाच फिरला. मग वर येऊन पाना पाटावर ठेवला, त्याला माझ्या बोटाने नवं हळदकुंकू वाहिलं आणि फूलसुद्धा वर ठेवलं. संध्याकाळी मामाने आरती केली. मी टाळ्या वाजवल्या.

सहा महिन्यांनी, पाडव्याच्या आदल्या रविवारी, तो परत आला. खाली गेला, जुनं तेल काढलं, आणि मग बराच वेळ नुसते धापा टाकल्याचे आवाज. हाताने झालं, पान्याने झालं. मी चहा टाकायला म्हणून वर पळाले, पळालेच म्हणायचं, कारण मला तिथे उभं राहवेना. चहा घेऊन आले तेव्हा तो बाहेर येऊन सतरंजीवर बसला होता आणि फडक्याने एकेक बोट पुसत होता. म्हणाला, “फिल्टर काय निघत नाय. हात गेले गं माझे, वैजे.” आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, “अरे मामा, जाऊ दे ना यार, चहा घे. मी मेकॅनिकला दाखवते.” बिल्कुल ऑफिसातल्यासारखं. त्याने आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, चहा प्यायला, नवं तेल भरलं. निघताना पेटी उचललीच नाही. “आता ही तुझ्याकडंच राहू दे,” म्हणाला. त्याला बस स्टॉपवर सोडून मी परत आले आणि त्या पेटीकडे बघायची मला चोरी झाली. त्याला मोतीबिंदूमुळे रेघ दिसलेली नाही, एवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला होता. एका सत्तरीच्या कारागिराला मी त्याचे हात गेले असं पटवून घरी पाठवलं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं!

पुढच्या रविवारी सांगू, असं मी किती रविवार म्हटलं ते मोजलेलं नाही. मधे मार्केटमधल्या मेकॅनिककडे गेले, तर त्याने हात लावून मान हलवली, “मैडम, ये टूटेगा। चल रही है ना? चलने दो।” चालू दिली. मामाकडे गेले की आंबे, आईची तब्येत, कूलरची जाळी, सगळं बोलायचे. एकदा तो म्हणाला, “फिल्टर काय म्हणतो?” मी म्हटलं, “आहे तसाच आहे.” तो हसला आणि टीव्ही लावला. ती शेवटची भेट. त्यानंतर अकरा दिवसांनी मामीचा फोन.

आता हे रविवार. पहिल्या रविवारी मी वरूनच हात घालून पट्टा अडकवला, जसा आवळताना अडकवला होता. पट्टा घसरला आणि हाताची मागची बाजू रेडिएटरवर सोलवटली. दुसऱ्या रविवारी पट्ट्याखाली पॉलिश पेपर घातला. पत्रा चेपला, फिल्टर जागचा हलला नाही. दिल्लीची उमस अशी की घामाने पानाच हातात राहीना. वरच्या मजल्यावरचे चौधरीजी बाल्कनीतून चहा पीत सल्ले देत होते. “मैडम, पेचकस आर-पार ठोक दो, फिर घुमाओ।” तेही केलं. स्क्रू ड्रायव्हर हातोडीने आरपार घातला आणि फिरवला, तर पत्रा कागदासारखा फाटत गेला, फिल्टर तिथेच, आणि काळं तेल कोपरापर्यंत. मी पार्किंगमध्ये उभी राहून त्या डब्याला अशा शिव्या दिल्या की चौधरीजी कप घेऊन आत गेले. शिव्या डब्याला नव्हत्या हे त्यांना कुठून कळणार. ही माझ्याच हाताची गाठ होती, आणि ती सोडवायला ज्याला बोलवावं तो माणूस मीच खोटं बोलून परत पाठवलेला.

गेल्या रविवारी चौधरीजी चक्क खाली आले. “ऊपर से क्या दिखेगा? नीचे जाइए, टॉर्च मैं देता हूँ।” मला नीचे जायचंच नव्हतं. ती मोडलेली रेघ बघायची नव्हती. पण गेले. सतरंजी अंथरली, ठोकळे लावले, सरकत आत गेले आणि टॉर्च मारला. रेघ होती. मामाने मारलेली, तेलाने तपकिरी झालेली, मधोमध मोडलेली. अर्धी इंजिनावर, आणि अर्धी फिल्टरवर, चार बोटं पुढे सरकलेली. हे सगळं माझं मनात शंभरदा बघून झालं होतं. पण तिच्या शेजारी आणखी एक होती. दुसरी. पांढरीस्वच्छ, सरळ, अखंड, इंजिनावरून फिल्टरवर उतरलेली. मी आवळला होता तिथे, नेमकी.

मी चहा टाकायला पळाले होते तेवढ्यात त्याने मारलेली. म्हणजे त्याला दिसलं होतं. तो मोतीबिंदूचा डोळा, दुखरा खांदा, आणि त्याने आधी मोडलेली रेघ बघितली, मग समजून घेतलं, मग हात लावून तपासलं आणि पास केलं. आणि मग बाहेर येऊन मला म्हणाला, हात गेले गं माझे! आणि माझ्याकडे बघत राहिला...

लोक म्हणतील, तुला तेव्हा भरून आलं असेल. भरून बिरून काही आलं नाही. डोक्यात तिडीक गेली. अरे माणसा, बोलायचंस ना! एक शब्द टाकायचास, “वैजे, पाना लावलास ना?” मी त्या क्षणी कबूल झाले असते. तीन महिने तू मूग गिळून बसलास आणि मी तिकडे चोरासारखी तुझ्या पेटीपासून तोंड लपवत फिरले. ही कसली पद्धत झाली? मी गाडीखाली पाठीवर पडून हे मोठ्याने बोलत होते. “मैडम, ठीक हो?” चौधरीजी विचारत होते. मी म्हटलं, “बिल्कुल ठीक हूँ, छेनी दीजिए।” पेटीतली मामाची छिन्नी त्यांनी दिली. फिल्टरच्या कडेवर ती तिरकी टेकवून मी हातोडी मारत गेले. किती घाव मारले कुणास ठाऊक. दोन्ही रेघा चेचल्या गेल्या, त्याचं वाईट तेव्हा वाटलं नाही, आता वाटतं. शेवटी कच्चकन आवाज झाला आणि तो फिरला.

संध्याकाळी तशीच, नखांत तेल घेऊन, पालमला गेले. मामी डाळीला फोडणी घालत होती. तिला सगळं सांगून टाकलं. पूजेतला पाना, ठिपका, कुंकू, चहा, सगळं. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, “माहीत आहे मला. त्या रविवारी हसतच घरी आले होते. म्हणाले, पोरीनं फिल्टर आवळलाय की रणगाड्याचा बोल्ट! दोन दिवस खांदा शेकत होते, पण हसत होते.”

“आणि हात गेले म्हणाला ते?”

“ते काय खोटं नव्हतं. हात दुखायचेच त्यांचे.” मग म्हणाली, “मी म्हटलं होतं, अहो, विचारा की तिला सरळ. तर म्हणाले, कशाला, ती सांगेल. तू येऊन गेलीस की मी विचारायची, सांगितलं का? म्हणायचे, नाही अजून... सांगेल.”

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मामीने माझ्याकडे न बघता कोथिंबीर चिरली. मग कुकर पुढे सरकवला. “याचा दांडा हलतोय बघ सात आठवडे. मी तशीच धरून वापरते.” मी तिच्या डब्यातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आवळला. हात थांबला तिथे थांबले, पुढे जोर केला नाही. मामीने पदराला हात पुसले, दांडा धरून दोनदा हलवला, एकदा उचलून बघितला. फडताळातून नेलपॉलिशची बाटली काढली. पेंट घट्ट झाला होता, ब्रश जरा ओढून काढावा लागला. तिने रेघ मारली.

गाडीला नवा फिल्टर लावून झाला आहे. रबराला तेलाचं बोट फिरवलं, हाताने आवळला, पाना पेटीतच होता. पहिल्या दिवशी एक ठिपका पडला, मी त्याच्याकडे बघत बसले, दुसऱ्या दिवशी पडला नाही. मामीचे गुडघे असे आहेत की ती गाडीखाली काही जाऊ शकत नाही. चौधरीजींना म्हटलं तर ते येतीलही, पण त्यांना काय तपासायचं ते माहीत नाही, आणि न तपासता मारलेली रेघ मामाला चालली नसती. पेंटची बाटली आता माझ्या गाडीच्या खणात आहे. काल पुन्हा खाली जाऊन टॉर्च मारून बघितलं. फिल्टर स्वच्छ आहे, तेल कुठे नाही, हात लावला तर घट्ट आहे. मामा, मी आवळलाय. पाना लावलेला नाही. रेघेची जागा पुसून ठेवली आहे.